बाबांच्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात?

लोकलप्रवासी (मुलुंड)

नमस्कार. माझे बाबा १९९४ पासून २०१० पर्यंत ठाकुरद्वारच्या एका लहानशा गाळ्यात डीटीपीचे, म्हणजे छपाईची पाने संगणकावर जुळवण्याचे काम करीत असत. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, कवितासंग्रह आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंकांची पाने, असे वर्षभराचे काम असे. शाळा सुटल्यावर मी तिथेच अभ्यासाला बसत असे, त्यामुळे संगणकाची आणि पुढे प्रत्येक नव्या यंत्राची ओढ मला त्या गाळ्यातूनच लागली. आज मी सॉफ्टवेअर तपासणीचे काम करते, नवा फोन आला की त्याच्या सगळ्या सोयी वापरून पाहते, घरातले दिवेसुद्धा फोनवरून लावते. पण बाबांनी स्वतः लिहिलेले एक पानही मला माझ्या कोणत्याही यंत्रावर वाचता येत नाही आणि ही गोष्ट मला गेले वर्षभर अस्वस्थ करीत आहे.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात ३७ फ्लॉपी, ११ सीडी आणि जुन्या संगणकातून काढून ठेवलेली ४.३ जीबीची एक हार्ड डिस्क मिळाली. गिऱ्हाइकांची कामे उरकली की रात्री ते स्वतःच्या आठवणी लिहीत, हे आम्हाला ठाऊक होते. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. त्या दिवसांविषयी बाबा बोलत नसत, मात्र लिहीत होते.

ओळखीच्या एका दुकानदाराने हार्ड डिस्कवरचा सगळा मजकूर मला पेनड्राइव्हवर काढून दिला. त्यात वर्डच्या ४१८ फाइली आहेत आणि पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरच्या साठेक. वर्डच्या काही फाइली माझ्या संगणकावरचे नवे वर्ड उघडतच नाही. ज्या उघडतात, त्यांत इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेली युरोपीय अक्षरे यांची सरमिसळ दिसते. त्यातल्या दोन ओळी फोनवर घेऊन एका भाषांतराच्या अॅपला दाखवल्या, तर त्यालाही काही बोध झाला नाही. फाइली बिघडल्या आहेत, असे दुकानदाराचे मत पडले.

फ्लॉपींची स्थिती आणखी अवघड आहे. २६ जुलै २००५ रोजी आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि आमच्या घरात पाणी कमरेपर्यंत होते. खालच्या खणातल्या फ्लॉपी त्यात भिजल्या. बाबांनी त्या पुसून, वाळवून ठेवल्या होत्या. पुढे कधी वाचून पाहिल्या की नाही, हे मला सांगता येणार नाही.

मला या फाइलींचे केवळ चित्र नको आहे. मजकूर फोनवर वाचता यावा, त्यात शब्द शोधता यावा, आणि शक्य झाले तर आत्याच्या पंचाहत्तरीला त्याच्या थोड्या प्रती छापून द्याव्यात, एवढी इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी, हे ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

पवईकर

सर्वप्रथम एक दिलासा देतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमच्या फाइली बिघडलेल्या दिसत नाहीत. तुमच्या बाबांनी टाइप केलेली प्रत्येक खूण जिथल्या तिथे आहे. ती मराठीत दाखवणारा फॉन्ट मात्र तुमच्या संगणकावर नाही.

हे असे का घडते, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते लक्षात आल्याखेरीज रूपांतरातल्या चुका ओळखता येत नाहीत. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे असत. देवनागरीतली सगळी जोडाक्षरे एवढ्या घरांत मावणे शक्य नव्हते, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धे अक्षर एका घरात, उभा दंड दुसऱ्या घरात, वेलांटी तिसऱ्यात, रफार चौथ्यात. संगणकाच्या दृष्टीने ही घरे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांचीच होती. उदाहरणादाखल कृतिदेव हा हिंदीत फार चाललेला फॉन्ट घ्या. त्यात 'हिन्दी' हा शब्द साठवताना एफ, जी, मोठा यू, एन आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे साठवली जात. एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटीचे चित्र, जीच्या जागी 'ह'चे चित्र. फॉन्ट असला की 'हिन्दी' दिसते, नसला की नुसती इंग्रजी अक्षरे उरतात.

याच उदाहरणात दुसरी अडचणही दिसते. वेलांटी आधी आणि 'ह' नंतर आहे, म्हणजे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, क्रम उच्चाराचा असतो: आधी 'ह', मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. जुन्या फॉन्टमध्ये 'धर्म' लिहिताना रफार 'म'च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'म'च्या आधी येतात. त्यामुळे एका खुणेऐवजी दुसरी खूण घातली की रूपांतर संपले, असे होत नाही. वेलांट्या उचलून पुढे आणि रफार उचलून मागे न्यावे लागतात, तेही जोडाक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पाहून. साध्या परिवर्तकांच्या, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांच्या, बहुतेक चुका इथेच होतात.

खेदाची गोष्ट अशी की, याला पर्याय नव्हता असे नाही. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने रुजवलेली इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली होती, आणि युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा संच १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे. पण विंडोजमध्ये युनिकोड मराठी नीट दिसू लागली ती विंडोज २००० पासून, पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगल या फॉन्टसह. एक्सपीवर तर त्यासाठी सीडी घालून जटिल लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे. छपाईच्या धंद्यातल्या माणसाला तोवर थांबून चालणार नव्हते. तुमच्या बाबांनी त्या काळी उपलब्ध असलेली सर्वांत सुंदर अक्षरे वापरली, एवढेच.

आता कामाचे. हार्ड डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर असेल. दुकानदाराने तो दिला नसेल, तर आधी तो मागून घ्या. या कामात त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. श्रीलिपीचे क्रमांकांनी ओळखले जाणारे 'श्री-देव' मालिकेतले फॉन्ट, सी-डॅकचे 'डीव्हीबी-टीटी' या अक्षरांनी सुरू होणारे सुरेख, योगेश इत्यादी, आकृती, शिवाजी, किरण असे काही ना काही त्यात मिळेलच. ते फॉन्ट तुमच्या संगणकावर बसवा आणि फाइल पुन्हा उघडा. बाबांची पाने तुम्हाला दिसू लागतील.

नवे वर्ड ज्या फाइली नाकारते, त्या बहुधा वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या असतील. सुरक्षेच्या कारणास्तव वर्डने त्या अडवून ठेवलेल्या असतात. लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर त्या निमूटपणे उघडते. पेजमेकरच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्तीच्या फाइलीही लिबर ऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडतात. पानाची मांडणी थोडी हलते, मजकूर मात्र हाती लागतो.

सर्वांत महत्त्वाचे: मजकूर नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर चिकटवू नका. तसे केल्यास कोणत्या शब्दाला कोणता फॉन्ट होता, ही माहिती पुसली जाते. एकाच परिच्छेदात मराठी एका फॉन्टमध्ये आणि कंपनीचे नाव टाइम्स या इंग्रजी फॉन्टमध्ये असे असते. फॉन्टचे नाव हरवले की परिवर्तक त्या इंग्रजी नावाचेही मराठी करून टाकतो. लिबर ऑफिसच्या शोधा-बदला खिडकीत फॉन्टच्या नावाने शोधता येते. आधी फॉन्टवार तुकडे निवडा आणि ज्या फॉन्टचा तुकडा त्याच फॉन्टचा परिवर्तक चालवा. एका फॉन्टचा तक्ता, म्हणजे कोणत्या खुणेचे कोणते अक्षर याची परिवर्तकातली यादी, दुसऱ्याला लागू पडत नाही. वर्डची आपोआप दुरुस्ती करण्याची सोयही आधी बंद करा, कारण वाक्यारंभीचे छोटे अक्षर तिने मोठे केले की जुन्या फॉन्टमध्ये अक्षरच बदलते.

जुळारी (दादर)

लोकलप्रवासी, मी तुझ्या बाबांच्या पिढीतली आहे, म्हणून एकेरी लिहिते. दादरला मी २२ वर्षे अक्षरजुळणी केली. तुझ्या बाबांची आणि माझी ओळख नव्हती, तरी त्यांचा दिवस कसा जात असेल, हे मी डोळ्यांसमोर आणू शकते.

पवईकरांनी सांगितले ते सगळे बरोबर आहे. त्यात माझी भर कागदाची. आम्ही पान तयार झाले की लेझर प्रिंटरवर त्याचे बटर पेपरवर ट्रेसिंग काढत असू. त्यावरून प्लेट होई आणि मग ऑफसेटवर छपाई. धंद्यातली माणसे ट्रेसिंग सहसा फेकत नसत, कारण गिऱ्हाईक पुन्हा त्याच अहवालाच्या प्रती मागायला येई. बाबांच्या कपाटात गुंडाळ्या किंवा मोठी पाकिटे असतील तर ती उघडून पाहा. मजकुराच्या खरेपणासाठी त्याहून भरवशाचा पुरावा नाही, कारण तिथे फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. ज्या फाइली कशानेच उघडणार नाहीत, त्यांची ट्रेसिंग मिळाली तर ती ३०० डीपीआयवर स्कॅन करून मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला देता येतील. टेसरॅक्ट फुकट मिळते आणि त्यात मराठीची सोय आहे. गूगल ड्राइव्हमधले चित्र डॉक्समध्ये उघडले तरीही मजकूर निघतो. ट्रेसिंगवरची अक्षरे काळीभोर आणि ठाशीव असतात, त्यामुळे यंत्राला ती चांगली वाचता येतात.

दुसरे म्हणजे प्रूफे. रूपांतर झालेली फाइल वरवर पाहून समाधान मानू नकोस. परिवर्तकाच्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. माणूस दमला की चुकतो. यंत्र दर वेळी एकाच जागी चुकते. त्यामुळे पहिली पाच-सहा पाने मूळ फॉन्टमधल्या पानाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि चुकांची वही कर. माझ्या अनुभवात या जागा हटकून येतात: 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मधला आडवा रफार, 'ॲ', 'श्र' आणि 'त्र', 'द्ध' आणि 'द्व', वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की, आणि अवतरणचिन्हे. मराठीसाठी न केलेला परिवर्तक असला तर आडव्या रफाराचा तो साधा रफार करतो. आचाऱ्यास जे द्यायचे ते आचार्यास दिले जाते, एवढा अर्थाचा फरक पडतो. या जागा एकदा कळल्या की सगळ्या फाइलींत त्या एका दमात दुरुस्त करता येतात.

मात्र एक विनंती आहे. बाबांचे शुद्धलेखन दुरुस्त करू नकोस. त्यांनी 'गिरणीतनं' लिहिले असेल तर 'गिरणीतून' करू नये. दुसऱ्यांचा मजकूर आम्ही दिवसभर नियमांत बसवत असू. स्वतःसाठी लिहिताना त्या माणसाने स्वतःची भाषा वापरली असेल तर ती तशीच राहायला हवी. चूक यंत्राची की बाबांची, हे ठरवता येत नसेल तिथे मूळ पान बघ आणि त्यात जे आहे ते ठेव.

आणि फाइलींच्या तारखा जपून ठेव. डॉस आणि विंडोज ३.१ च्या दिवसांत फाइलीचे नाव आठ इंग्रजी अक्षरांत बसवावे लागे. ती सवय आम्हाला पुढेही राहिली, त्यामुळे नावावरून काही कळेलच असे नाही. शेवटचा बदल कधी झाला ही तारीख मात्र फाइलीसोबत येते. गिऱ्हाइकाच्या कामाची फाइल दुपारची असते. रात्री अकरानंतरच्या फाइली वेगळ्या काढून पाहा.

डबलडेकर (ग्रँट रोड)

मी लॅमिंग्टन रोडवर जुनी यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे केवळ फ्लॉपी, सीडी आणि डिस्कविषयी लिहितो.

हार्ड डिस्कमधला मजकूर काढून झाला असला तरी ती डिस्क परत घ्या आणि तिची संपूर्ण प्रतिमा करून ठेवा. निवडक फाइलींची नक्कल आणि डिस्कची प्रतिमा यांत फरक आहे: प्रतिमेत पुसलेल्या फाइलींच्या जागाही जशाच्या तशा येतात. डिस्क त्या काळची, म्हणजे ४० पिनांच्या आयडीई जोडणीची असणार. यूएसबी अडॅप्टर घेताना स्वतंत्र वीजपुरवठा असलेलाच घ्या, कारण अशा डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबीतून ते मिळत नाहीत. डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला तर तत्काळ बंद करा आणि पुन्हा पुन्हा लावून पाहू नका.

फ्लॉपींबाबत घाई करू नका, अशी कळकळीची सूचना आहे. मुंबईच्या हवेत न भिजलेल्या फ्लॉपीलाही बुरशी येते, तुमच्या तर पुराच्या पाण्यात होत्या. पत्र्याची सरकपट्टी बाजूला करून मधली चकती हळूहळू फिरवा आणि तिरप्या उजेडात पाहा. पांढुरके ठिपके किंवा वलये दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, कारण ती घाण वाचणाऱ्या टोकाला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याने खरवडली जाते. स्वच्छ दिसणाऱ्या फ्लॉपी आधी वाचा, मळलेल्या शेवटी. मळलेल्यांसाठी प्लॅस्टिकचे आवरण उघडून चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून दुसऱ्या आवरणात बसवता येते, पण ते सरावाचे काम आहे; पहिला प्रयोग कोऱ्या फ्लॉपीवर करा.

सीडीच्या बाबतीत लोकांचा एक गैरसमज असतो. चकाकणारी बाजू जपावी असे सर्वांना वाटते, पण घरी लिहिलेल्या सीडीतला मजकुराचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो. चकाकत्या बाजूचा बारीक ओरखडा बऱ्याचदा वाचून निघतो. वरचा लेप निघाला की तिथला मजकूर गेलाच. त्यावर चिकटवलेली लेबले सोलू नका. पुसायचेच असेल तर मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नव्हे.

वाचण्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे साधन वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्याच जागांकडे पुन्हा वळते. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी घालून जुन्या नोंदीवरून काम पुढे चालू करता येते. एका ड्राइव्हने सोडलेली जागा दुसरा वाचतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आणि एकदा सगळे हाती आले की त्याची एक प्रत मुलुंडच्या घरात, एक ऑनलाइन, आणि एक मुंबईबाहेर कोणाकडे तरी ठेवा. पुराचा अनुभव तुम्हाला आहे, त्यामुळे याचे कारण मी सांगायला नको.

लोकलप्रवासी (मुलुंड)

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही हाती लागल्याशिवाय लिहू नये असे वाटत होते.

फॉन्टचा फोल्डर दुकानदाराने दिला नव्हता. मी डिस्क परत आणली, अडॅप्टर घेतला, आधी प्रतिमा केली आणि मग तो फोल्डर काढला. त्यात १४० हून अधिक फॉन्ट होते. ते बसवून पहिली फाइल उघडली आणि आईला बोलावले. ती एका पतपेढीच्या वार्षिक सभेची सूचना होती, तरीही आम्ही दोघींनी ती शेवटपर्यंत वाचली.

जुळारीताईंनी सांगितल्याप्रमाणे फाइली तारखेने लावल्या आणि रात्री अकरानंतरच्या वेगळ्या काढल्या. अशा ५३ निघाल्या. त्यांतल्या दोन वगळता बाकी सगळ्या बाबांच्या स्वतःच्या आहेत. पहिली १९९७ सालची आहे आणि शेवटची २००९ ची. माळ्यावर ट्रेसिंगच्या चार गुंडाळ्याही मिळाल्या. त्यांत आठवणींची केवळ २० पाने आहेत, पण ताडून पाहायला ती फार उपयोगी पडली.

तीन फ्लॉपी वगळता भिजलेल्या फ्लॉपींतून काही मिळाले नाही. ज्या तीन वाचता आल्या, त्यांत डिस्कवरच्याच फाइलींच्या जुन्या प्रती आहेत. सीडी ११ पैकी ९ पूर्ण वाचल्या.

आता अडचण अशी आहे. ५३ पैकी ४१ फाइलींचे रूपांतर चांगले झाले. उरलेल्या १२ फाइलींत परिवर्तक एकही अक्षर बदलत नाही, जसाच्या तसा मजकूर बाहेर येतो. फॉन्ट बसवलेला असल्यामुळे त्या फाइली डोळ्यांना व्यवस्थित मराठीत दिसतात. दुसरे, रूपांतर झालेल्या फाइलींत 'पायऱ्या' हा शब्द शोधला, तर चाळीच्या वर्णनात तो दिसत असूनही सापडत नाही.

पवईकर

दोन्ही अडचणी मी स्वतः अनुभवलेल्या आहेत.

त्या १२ फाइलींतला फॉन्ट 'चिन्हांचा फॉन्ट' म्हणून नोंदवलेला असणार. अशा फॉन्टची अक्षरे वर्ड नेहमीच्या इंग्रजी जागांवर साठवत नाही, तर युनिकोडमध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या भागात नेऊन ठेवते. परिवर्तक इंग्रजी अक्षरे शोधत राहतो आणि त्याला एकही सापडत नाही. तुम्ही सॉफ्टवेअर तपासता, तेव्हा हे तुम्हाला अवघड जाणार नाही: प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ठरावीक संख्या, दशमान पद्धतीत ६१,४४०, वजा करा आणि मग परिवर्तक चालवा. वजाबाकीनंतरही १२८ ते १५९ या क्रमांकांची अक्षरे एकदा नजरेखालून घाला. विंडोजच्या पाश्चात्त्य अक्षरसंचात वळणदार अवतरणचिन्हे वगैरे त्या घरांत बसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक निराळे आहेत, आणि परिवर्तकाचा तक्ता कोणत्या क्रमांकांवर केला आहे त्यावर ती अक्षरे येणे-न येणे अवलंबून असते.

'पायऱ्या'चे कारण वेगळे आहे. आडवा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी जोडखूण असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुमच्या परिवर्तकाने दुसरा प्रकार वापरला आहे आणि तुमचा कीबोर्ड पहिला देत आहे. सगळ्या फाइलींत पहिला प्रकार करून घ्या. असेच 'ॲ'चे पाहा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली; त्याआधी 'अ'वर अर्धचंद्र चढवून ते लिहीत आणि अनेक परिवर्तक अजूनही तसेच लिहितात. तेही एकसारखे करून टाका.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. ज्या खुणेसाठी तक्त्यात काही नाही, तिथे काही परिवर्तक प्रश्नचिन्ह घालतात. तेव्हा रूपांतरित मजकुरातले प्रत्येक प्रश्नचिन्ह मूळ पानाशी ताडून पाहा.

लोकलप्रवासी (मुलुंड)

वजाबाकीचा उपाय चालला. बाराही फाइली युनिकोडमध्ये आल्या आणि 'पायऱ्या' आता सात ठिकाणी सापडतो.

प्रश्नचिन्हांविषयी तुम्ही सांगितले नसते तर फार मोठी चूक झाली असती. सगळी मिळून ६४ प्रश्नचिन्हे निघाली. त्यांतली बरीचशी संवादातली, खरीखुरी होती. नऊ ठिकाणी परिवर्तकाला 'ङ्' कळला नव्हता, ती दुरुस्त केली. उरलेली पाच मात्र वाक्याच्या मध्येच, कंसात होती आणि ती यंत्राचीच असणार असे धरून मी पुसायला निघाले होते. त्यांतले एक असे आहे: गिरणीचा पहाटेचा भोंगा किती वाजता होई, ते बाबांनी लिहिले आहे आणि वेळेपुढे कंसात प्रश्नचिन्ह आहे. हे पान ट्रेसिंगमध्येही होते. गुंडाळी उलगडून पाहिली, तर तिथेही तेच प्रश्नचिन्ह आहे, आणि शेजारी पेन्सिलीने, बाबांच्या हस्ताक्षरात लिहिले आहे: ताईला विचारणे.

ताई म्हणजे माझी आत्या. येत्या रविवारी ती पाने घेऊन मी डोंबिवलीला तिच्याकडे जाणार आहे.